घरच्या घरी इंजिन बदल : छोट्या सिव्हिकमध्ये १.५ काढून १.८ बसवायचं आहे

तेलकटहात
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिला धागा काढतोय.

माझी पाचव्या पिढीची होंडा सिव्हिक आहे, ईजी बॉडी (त्या पिढीचं सांकेतिक नाव). आत १.५ लिटरचं डी१५ इंजिन. बॉडी खणखणीत आहे, खालून ठोकून पाहिली, कुठेही गंज आत शिरलेला नाही. इंजिनाने मात्र दम टाकलाय. तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकी तिघांपेक्षा खूपच कमी आलं. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं तर आकडा चढला. म्हणजे व्हॉल्व्ह ठीक, रिंगा गेल्या.

आता उघडायचंच आहे तर होंडाच्याच त्या काळच्या इंटेग्रा गाडीतलं १.८ लिटरचं बी१८सी का बसवू नये, असा विचार गेले दोन महिने डोक्यातून जात नाही. कागदावर डी१५बी७ ची ताकद १०२ अश्वशक्ती, बी१८सी१ ची १७०. गाडी तीच, वजन जवळपास तेच.

घरी शेडला मजबूत लोखंडी गर्डर आहे, चेनपुली आहे, चार स्टँड आहेत. क्लच प्लेट आणि टायमिंग बेल्ट मी स्वतः बदललेत. अख्खं इंजिन कधी उतरवलेलं नाही. घाई अजिबात नाही, रोजच्या जाण्यायेण्याला दुसरी गाडी आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. कुठे अडकायला होतं ते आधी कळलं तर बरं.

पाना१७
इतकी मेहनत घेणार आहात तर बी कशाला, सरळ होंडाच्या नंतरच्या के मालिकेतलं के२० किंवा के२४ इंजिन घ्या. टायमिंग बेल्टच्या जागी चेन, खालपासून पिकअप, आणि पार्टही नव्या काळातले. के२४ म्हणजे २३५४ सीसी, बी१८ त्याच्यापुढे लहानच. मी के२० बसवलेल्या ईजीत बसलोय, ती ओढ विसरता येत नाही.

जुनाफिटर
पाना, के इंजिन उत्तम आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण पहिलंच इंजिन उतरवणाऱ्याला ते सुचवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कारण सांगतो.

डी आणि बी ही दोन्ही इंजिनं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. के घड्याळाच्या दिशेने फिरतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यामुळे गियरबॉक्सची बाजूच बदलते. डी आणि बी मध्ये गियरबॉक्स ज्या बाजूला, के मध्ये तिथे टायमिंग चेन येते. म्हणजे गाडीच्या बॉडीला वेल्ड केलेले फाउंडेशनचे (इंजिन ज्यांवर टेकतं ते) जुने कान जसेच्या तसे कामाचे राहत नाहीत, वेगळा माउंट संच लागतो. बी मध्ये एक्झॉस्ट पुढे रेडिएटरकडे, के मध्ये मागे, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिन यांमधली भिंत). तिथे स्टिअरिंग रॅक आहे, क्रॉसमेंबर आहे, त्यातून पाइप काढायचा. बी चा गियर दांड्याने पडतो, के चा दोन केबलने, म्हणून गियर लिव्हरही बदला. आणि के२४ चा ब्लॉक के२० पेक्षा साधारण १९.५ मिलिमीटर उंच, त्यामुळे बॉनेट लागतं का ते पाहत बसा. यातलं प्रत्येक काम सुटतं, पण प्रत्येकाला एकेक महिना द्यावा लागतो.

बी ची गोष्ट वेगळी. याच ईजी बॉडीत कंपनीने स्वतः बी१६ बसवून गाड्या विकल्यात. म्हणजे फाउंडेशनचे कान जागेवर आहेत, फक्त ब्रॅकेट बी चे हवेत. कापाकापी नाही, वेल्डिंग नाही.

तेलकटहात, आता तुमच्यासाठी. इंजिन एकटं कधीही घेऊ नका. डी चा गियरबॉक्स बी ला बसत नाही, बोल्टांची मांडणीच निराळी. तेव्हा गियरबॉक्स सोबत घ्या, आणि तो हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचचाच हवा, कारण तुमच्या गाडीत क्लच हायड्रॉलिक आहे. आधीच्या पिढीच्या इंटेग्राचे गियरबॉक्स केबलवर चालणारे आहेत, बाहेरून बघून चटकन कळत नाही, तिथे माणसं फसतात. शिवाय दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, मधला छोटा शाफ्ट त्याच्या ब्रॅकेटसकट, गियरचा दांडा, फाउंडेशनचे ब्रॅकेट, डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, इंजिनाचा संगणक आणि वायरिंग न कापता. वायरिंग कापून दिलेलं इंजिन स्वस्त मिळालं तरी सोडून द्या.

मधल्या शाफ्टबद्दल विशेष सांगतो. तो असल्यामुळे डावा-उजवा शाफ्ट जवळजवळ समान लांबीचे होतात. तो वगळून जुळवाजुळव केली की जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढतं.

सगळं सामान घरी येईपर्यंत चालू गाडीला हात लावू नका. अर्धवट उघडलेल्या गाड्या वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडलेल्या मी पाहिल्यात. त्यातल्या बहुतेक एखाद्या ब्रॅकेटसाठी अडल्या होत्या.

चारचाकी
मी थोडं वेगळं सांगणार आहे, राग मानू नका.

मीही छोट्या गाडीत मोठं इंजिन बसवलंय, घरीच, भावाच्या मदतीने. इंजिन नीट बसलं, पहिल्या दिवशी चालू झालं. ब्रेक मात्र जुनेच ठेवले, 'नंतर बघू' म्हणून. पंधरा दिवसांनी एक लांब उतार उतरताना पेडल हळूहळू खाली जायला लागलं. पॅडचा जळका वास आत आला. चौथा, तिसरा, दुसरा असं करत इंजिनावर गाडी आवरली आणि कडेला घेतली. उजव्या पुढच्या चाकातून धूर येत होता. त्या दिवशी मागच्या सीटवर माझी मुलगी होती. त्यानंतर मी आधी ब्रेक केले, मग गाडी रस्त्यावर काढली.

म्हणून म्हणते, इंजिनाच्या यादीतच ब्रेक लिहा. तुमच्या मॉडेलला पुढच्या डिस्क लहान असणार. त्याच बॉडीच्या वरच्या मॉडेलच्या किंवा इंटेग्राच्या २६२ मिलिमीटरच्या डिस्क कॅलिपर-ब्रॅकेटसकट बसतात. तुमच्या चाकाच्या आत मावतात का तेवढं आधी पाहा. ब्रेकचे रबरी पाइप इतकी वर्षं झाल्यावर बदलायचेच. ब्रेक ऑइल नवीन भरा. पुढची स्प्रिंग बसली असेल तर तीही बदला, नाकावर वजन वाढणार आहे. रेडिएटर दोन थरांचा घ्या.

आणि कागद. नोंदणीत इंजिन क्रमांक असतो. तुमच्याकडे जो काही नियम असेल तो इंजिन विकत घेण्याआधी लेखी समजून घ्या, विमा कंपनीला कळवा. विकत घेताय त्या इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर स्पष्ट वाचता येतोय आणि विकणाऱ्याच्या पावतीशी जुळतोय ना, हे डोळ्यांनी पाहा.

हे सगळं वाचून जड वाटलं तर तुमचं डी१५ बांधून घेणं हाही चांगला मार्ग आहे. हलकी गाडी, नवीन रिंगा, नवीन बेअरिंग. ती मजेत चालेल.

तेलकटहात
चारचाकीताई, राग कसला. ब्रेक यादीत पहिल्या क्रमांकावर लिहिले. मुलीचं वाचून पोटात गोळा आला.

जुनाफिटर काका, के चा विषय माझ्यापुरता मिटला. बी१८सी च घेणार. इंजिन बघायला जाताना काय तपासू?

जुनाफिटर
थंड इंजिन बघा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणावं.

ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवा. काळं चालेल, दुधाळ साय असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय. चारही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा, एकच वेगळा दिसला तर तिथे प्रश्न आहे. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं मोजा. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे जास्त बघा. पाण्याच्या पंपाखाली सुकलेला हिरवा-पांढरा ओघळ आहे का तेही पाहा.

इंजिन स्टँडवर असतानाच टायमिंग बेल्ट, टेन्शनर, पाण्याचा पंप आणि पुढचं-मागचं क्रँकचं ऑइल सील बदलून टाका. बी मध्ये पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. आणि बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, अशी रचना आहे. आधीच्या मालकाने बेल्ट बदललाय असं तोंडी सांगितलं तरी बदला. मागचं सील बदलायला पुन्हा गियरबॉक्स उतरवावा लागू नये यासाठी हीच वेळ आहे.

वायरमन
वायरिंगचं मी लिहितो, माझा जीव त्यातच रमतो.

बी१८सी१ ला पी७२ संगणक लागतो. तुमच्या १.५ ला व्हीटेक (वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची रचना) नाही, त्यामुळे तुमच्या हार्नेसमध्ये, म्हणजे तारांच्या जुडग्यात, चार गोष्टींच्या तारा नसणार, त्या नव्याने ओढायच्या. व्हीटेक सोलेनॉइड संगणकाच्या ए४ पिनवर. व्हीटेकचा ऑइल प्रेशर स्विच डी६ वर. नॉक सेन्सर (सिलिंडरमधली ठोक ओळखणारा) डी३ वर. आणि इनटेक मॅनिफोल्डच्या आतली दुसऱ्या मार्गाची झडप उघडणारं सोलेनॉइड ए१७ वर. हे ओबीडी१ (इंजिन-संगणकाची जुनी पद्धत) च्या प्लगचे क्रमांक आहेत, नव्या ओबीडी२ ला लावू नका.

नॉक सेन्सरची तार जाळीवाली घ्या, साधी नको. त्या सेन्सरचा संदेश फार नाजूक असतो, शेजारून इग्निशनची तार गेली की त्यात गोंगाट मिसळतो. जोड पिळून टेप मारू नका. सोल्डर करा, वर हीटश्रिंक नळी चढवा, आणि जोड असा ठेवा की इंजिन हलताना त्यावर ताण येणार नाही.

जुनं इंजिन उतरवताना प्रत्येक प्लगला कागदी टेपची चिठ्ठी लावा, दोन्ही अर्ध्यांना. फोटो काढा, पण फोटोंवर विसंबू नका. फोटोत तार मागे कुठे जाते ते दिसत नाही.

नवशिका
एक विचारू का? गाडीत एसी असेल तर काय करायचं? माझ्याकडेही ईजी आहे, पण एसीची.

चारचाकी
कॉम्प्रेसर मोकळा करताना पाइप उघडायची वेळ येत असेल तर गॅस आधी यंत्राने काढून घ्यावा लागतो. हवेत सोडायचा नाही, ते पर्यावरणाला वाईट आणि उघड्या हाताला लागला तर कातडी गोठते. पाइप न उघडता कॉम्प्रेसर बाजूला बांधून ठेवता येत असेल तर उत्तमच.

तेलकटहात
चार महिन्यांनी लिहितोय. सामान गोळा करायला एवढा वेळ लागला. गियरच्या दांड्यासाठी आणि एका माउंटच्या ब्रॅकेटसाठी शेवटचे सहा आठवडे गेले. काकांचं ऐकून गाडी तोवर उघडली नव्हती, ते किती बरं झालं.

मागच्या शनिवारी जुनं इंजिन उतरवलं. क्रम लिहितो, कुणाला उपयोग होईल. गाडी चाकांवर उभी असतानाच ड्राइव्ह शाफ्टचे मोठे नट सैल केले, कारण नंतर चाक फिरतं. बॅटरीची निगेटिव्ह काढली. पेट्रोल फिल्टरवरचा छोटा बोल्ट कापड गुंडाळून हळूच सैल करून प्रेशर सोडलं. बॉनेटच्या बिजागरीभोवती मार्करने रेघ मारून ठेवली आणि बॉनेट काढलं. पाणी, इंजिन ऑइल, गियर ऑइल काढलं. मग चिठ्ठ्या. एकूण त्रेचाळीस चिठ्ठ्या झाल्या.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो गियरच्या दांड्याची पिन काढण्यात. गियरबॉक्सखाली ८ मिलिमीटरची पोकळ पिन असते, ती पंचाने ठोकून बाहेर काढायची. गंजून एकजीव झाली होती. पाठीवर झोपून, हातोडा फिरवायला वीतभर जागा. गंज सोडवणारं ऑइल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी पुन्हा. दोन तासांनी एकदाचा आवाज बदलला, ठक्‌ चा टक्‌ झाला, आणि पिन केसभर सरकली. तो आवाज ऐकून आत स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली, इतका मी ओरडलो.

चेनपुलीने उचलताना गियरबॉक्सची बाजू खाली झुकवून तिरकं काढलं. आता इंजिनाची जागा रिकामी आहे, धुऊन, घासून, गंजरोधक रंग मारतोय. फायरवॉलचा मूळ रंग दिसला. इतक्या वर्षांत तो कुणी पाहिला नसेल.

जुनाफिटर
शाबास. क्लच प्लेट बसवताना मध्यावर आणण्यासाठी अलाइनमेंटची दांडी वापरा. डोळ्याने मध्य धरलात तर गियरबॉक्स शेवटच्या सेंटिमीटरला अडतो. आणि मग बोल्ट आवळून तो ओढून घ्यायचा मोह होतो. तसं कधीही करू नका, गियरबॉक्सचा कान फुटतो. हाताने ढकलून बसला पाहिजे.

तेलकटहात
मदत हवी आहे. इंजिन बसलं, शाफ्ट बसले, पाणी-ऑइल भरलं. आज पहिल्यांदा सेल्फ मारला, नुसता ऑइल फिरवायला. प्लग काढून ठेवलेत, डिस्ट्रिब्युटरचा प्लग आणि मेन रिलेही काढलाय. सेल्फ जड, रडत रडत फिरतो. बॅटरी नवीन, १२.६ व्होल्ट. प्लग नसताना तर भिरभिर फिरायला हवा ना? इंजिन जाम आहे का? हाताने पान्याने फिरवलं तर गुळगुळीत फिरतं.

वायरमन
थांबा, पुन्हा सेल्फ मारू नका. ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावून बघा. गरम आहे का?

तेलकटहात
वायरमन, केबल चांगलीच गरम आहे! बाहेरचं आवरण एका जागी मऊ पडलंय. हे कसं काय?

वायरमन
इंजिनाचं अर्थिंग राहिलंय. गियरबॉक्सपासून बॉडीला जाणारी जाड पट्टी आणि हेडवरून बॉडीला जाणारी दुसरी, या दोन्ही बघा. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते हवेत तरंगतं. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. त्याला परतीचा रस्ता मिळाला नाही की तो जिथून मिळेल तिथून जातो, आणि ॲक्सिलरेटरची केबल म्हणजे इंजिन आणि बॉडी यांच्यामधला एक पोलादी धागाच. नव्याने बसवलेलं इंजिन सेल्फला जड फिरलं तर मी मीटर काढण्याआधी या केबललाच हात लावतो.

पट्टीच्या दोन्ही टोकांखालचा रंग खरवडून चकचकीत धातूवर बसवा. तुम्ही नुकताच रंग मारलाय, तोच मधे आला असेल. केबल नवीन घाला, ही ठेवू नका. आतून चिकटली तर ॲक्सिलरेटर उघडाच अडकेल.

तेलकटहात
अगदी तेच. गियरबॉक्सची पट्टी लावली होती, पण ताज्या रंगावर. हेडची पट्टी तर डब्यात पडलेली सापडली. पॉलिश पेपरने गोल चकाकी आणली, पट्ट्या आवळल्या. सेल्फ असा फिरला की काय सांगू. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला.

केबल बदलली. मग प्लग, डिस्ट्रिब्युटर, रिले लावून चावी फिरवली. दुसऱ्या प्रयत्नात चालू झालं. मी आधी खाली ऑइल गळतंय का ते बघायला धावलो. गळत नव्हतं. मग तिथेच जमिनीवर बसून राहिलो.

पाण्यातली हवा काढायला वेळ लागला. गाडीचं नाक उंच केलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, थर्मोस्टॅटजवळचा छोटा बोल्ट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरत राहिलो. काटा एकदा अर्ध्याच्या वर गेला, लगेच बंद केलं, थंड होऊ दिलं, पुन्हा भरलं. आता रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतो आणि काटा जागेवर उभा राहतो.

नवशिका
वाचताना मीच चावी फिरवल्यासारखं वाटलं. अभिनंदन!

तेलकटहात
धन्यवाद. एक दुखणं उरलं होतं. ब्रेकचं सगळं काम झाल्यावर गाडी बाहेर काढली, तर चेक इंजिनचा दिवा लागला आणि वरच्या आरपीएमला काहीच घडेना. ४४०० च्या पुढे व्हीटेक उचलायला हवं, तिथे सपाट. सर्व्हिस प्लगच्या दोन तारा जोडून दिव्याची उघडझाप मोजली. दोन लांब, दोन छोट्या. कोड २२.

वायरमन
२२ म्हणजे व्हीटेकचा प्रेशर स्विच. आधी ऑइलची पातळी बघा, ती कमी असेल तरी हाच कोड येतो. ती ठीक असेल तर डी६.

तेलकटहात
ऑइल बरोबर होतं. डी६ ची पिन प्लगमध्ये पूर्ण आत गेलीच नव्हती, बाहेरून बसल्यासारखी दिसायची, तार ओढली की मिलिमीटरभर मागे यायची. काढली, कान थोडा वर केला, 'टक्‌' होईपर्यंत ढकलली. कोड पुसून पुन्हा बाहेर गेलो.

आधी नवीन पॅड डिस्कवर घासून मुरवून घेतले. वेग घेऊन हळूहळू ब्रेक, थंड होऊ देणं, पुन्हा, असं बरेच वेळा. मग मोकळ्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गियरमध्ये एकदाच पूर्ण दाबलं. ४४०० ला आवाजाचा पोत बदलतो, घशातून छातीत उतरतो तसा. स्टिअरिंग सरळ राहिलं, काका, मधल्या शाफ्टचे आभार. चारचाकीताई, घरी येताना उतार होता, पेडल पहिल्यापासून शेवटपर्यंत दगडासारखं घट्ट.

इंजिन क्रमांक बदलायचे कागद दिलेत, तपासणीची तारीख मिळाली आहे. तोवर गाडी शेडमध्येच. हजार किलोमीटरवर ऑइल आणि फिल्टर बदलून फाउंडेशनचे सगळे बोल्ट पुन्हा आवळीन आणि कुठला सैल निघाला ते इथेच लिहीन.